बर्फ खाली बसत नाही

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे ओली पोती पिळणं. मे महिना, संध्याकाळची वेळ. कारखान्याची पोती धुऊन अंगणातल्या दगडावर पडली होती. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या.

"जोर लावा ना. गाईचं दूध काढून राह्यले काय?"

"लावूनच राह्यलो."

"मंग सारं पानी माह्याच पायावर काऊन पडते?"

"तू बुटकी हाय म्हणून."

ती हसली. पोती भिंतीवर वाळत घातली, हात पुसले, आत जाऊन चूल पेटवली. त्या दिवशी ताटात काय होतं ते आठवत नाही. पोती आठवतात. दुसऱ्या दिवशी ती गेली.

तिचं नाव कौसल्या. या अंकाच्या संपादकांनी मला सांगितलं की बर्फाच्या कारखान्याच्या गमती लिहा, लोकांना आवडतील. मी चौथी शिकलो. गमती लिहितो म्हटलं, पण ती मधे येईल. ती मधे आली तर काढू नका असंही सांगून ठेवलं.

वर्ध्याला आमचा कारखाना स्टेशनापासून फार दूर नव्हता. आता तिथं दुसरंच काही आहे. बर्फ कसा बनतो हे लोकांना माहीत नसतं. त्यांना वाटतं आत एक मोठा फ्रिज असेल. तसं काही नसतं. जमिनीत पुरलेली लोखंडी टाकी असते, एखाद्या घराएवढी. तिच्यात मिठाचं पाणी. ते इतकं थंड करायचं की साधं पाणी असतं तर दगड झालं असतं. मिठामुळे ते गोठत नाही, नुसतं चावतं. त्या खाऱ्या पाण्यात पत्र्याचे उंच डबे उभे सोडायचे आणि डब्यात विहिरीचं गोडं पाणी भरायचं. वरून लाकडी झाकणं. त्या झाकणांवरूनच आमचं येणं-जाणं. डब्यातलं पाणी कडेनं गोठत गोठत मधे येतं. म्हणून लादी कडेला काचेसारखी आणि पोटात पांढरी असते. गिऱ्हाईक विचारायचे, "मधात दूध टाकता काय?" आम्ही हो म्हणायचो.

मशीन रमजान मिस्त्री सांभाळायचा. पाणी थंड करणाऱ्या गॅसचा वास सुटला की तो तोंडाला ओला रुमाल बांधून आत शिरायचा आणि आम्ही बाहेर पळायचो. हिंमत त्याची, वेग आमचा.

लादी तयार झाली की डबा चेनकुप्पीनं, म्हणजे साखळीच्या कप्पीनं, ओढून काढायचा आणि साध्या पाण्याच्या हौदात बुडवायचा. कडेचा बर्फ सुटतो, थोडं पाणी आत शिरतं, आणि लादी डब्यातल्या डब्यात आपोआप वर उचलते. बसलेला बैल उठतो तशी, एक झटका देऊन. मग डबा आडवा केला की ती घसरत बाहेर. बर्फ बुडणारा माल असता तर आमच्या कमरा पहिल्याच उन्हाळ्यात गेल्या असत्या. पण तो वर का येतो हे मी पुष्कळ वर्षं कोणाला विचारलं नाही. बैल गाडी का ओढतो हे गाडीवान विचारतो काय?

विचारायची वेळ आली ती बब्बू सोडावाल्यामुळे.

बब्बू तळेगावचा. बाजाराच्या दिवशी गोटीसोडा विकायचा आणि बर्फ न्यायला एसटीनं वर्ध्याला यायचा. एकदा तो भरलेल्या बाटल्यांची पेटीच घेऊन आला. म्हणाला, तुमच्या टाकीत घडीभर लटकवून द्या, बाटलीच थंडी झाली तर बर्फ कमी लागेल. रमजान म्हणाला, घडीभर म्हणजे घडीभरच. बब्बू हो म्हणाला आणि सिनेमाला गेला.

मध्यंतराच्या सुमारास टाकीत फटाके फुटायला लागले. झाकणं उडाली. आम्हाला वाटलं गॅसचा पाइप गेला, आम्ही आमच्या वेगानं बाहेर. रमजान रुमाल बांधून आत गेला आणि हातात बाटलीचा गळा घेऊन बाहेर आला.

बब्बू आल्यावर ओरडायला लागला. "मिस्त्री, तुमच्या टाकीनं माह्या बाटल्या खाल्ल्या!"

"टाकी ने नहीं खाया. तेरे पिक्चर ने खाया."

"अबे पन फुटल्या कायनं? कोनी हात तं नाई लावला?"

आम्ही डबे काठोकाठ भरत नव्हतो, वर बोटभर जागा सोडायचो, कारण बर्फ वर येतो, फुगतो, हे हातांना माहीत होतं. हातांनी ते डोक्याला कधी सांगितलं नव्हतं. बाटल्यांच्या फक्त गोट्या शाबूत निघाल्या. त्या खिशात वाजवत बब्बू गेला.

त्या वेळी पिपरीचे एक मास्तर बाकावर बसले होते. शाळेत विज्ञान शिकवायचे. मुलीचं लग्न होतं म्हणून बर्फ न्यायला आले होते आणि त्यांची गाडी यायची होती. कौसल्याही तिथंच होती. कारखान्याची फाटकी पोती ती घरी दाभण-सुतळीनं शिवून द्यायची, तीच घेऊन आली होती. मास्तरांनी आम्हाला बसवलं आणि शिकवलं. रिकामा मास्तर आणि रिकामा न्हावी, दोघांच्याही समोर बसू नये म्हणतात. पण हे चांगले होते.

ते म्हणाले, "पाणी गोठलं की फुगतं. पाणी तेवढंच राहतं, जागा जास्त घेतं. म्हणून बाटली फुटते. आणि बर्फ तरंगतो तोही त्याचसाठी. बादलीभर पाणी आणि बादलीभर बर्फ तोललात तर बर्फ हलका भरतो. हलकं असतं ते वर राहतं."

रमजाननं मान हलवली. मीही हलवली. कौसल्यानं नाही हलवली.

"गुर्जी, तूप गोठलं की तं खाली बसते. वरतं पातळ राह्यते."

मास्तर खूश झाले. "बरोबर बोललात बाई. तूप, मेण, शिसं, बहुतेक सगळं गोठलं की आवळतं आणि आपल्याच रसात बुडतं. पाणी तेवढं उलटं वागतं."

"काऊन?"

हा काऊन तिचा नेहमीचा. माझं निम्मं आयुष्य त्याला उत्तर देण्यात गेलं आहे.

मास्तरांनी दोन्ही हात पसरले. म्हणाले, पाण्याचे बारीक बारीक कण असतात, डोळ्याला न दिसणारे. पातळ असताना ते एकमेकांच्या अंगावर पडत, ढकलाढकली करत फिरतात. गोठले की प्रत्येक कण आजूबाजूच्या चौघांना धरून ठेवतो. पण हात लांब करून धरतो. जवळ येऊ देत नाही, दूर जाऊ देत नाही. त्यामुळे मधे रिकामी जागा राहते. तीच जागा बाटली फोडते आणि तीच बर्फाला वर ठेवते.

कौसल्यानं हातातल्या पोत्याची घडी घातली. मग म्हणाली, "म्हंजे पंगत."

"काय?"

"उभं राह्यलं तं मांडवात सारं गाव मावते. अन् पाटावर मांडी घालून वळीनं बसवलं की अर्धं गाव बाहेर. मानसं तेवढीच. पातळ पानी म्हंजे उभी गर्दी, अन् बर्फ म्हंजे पंगत."

मास्तर म्हणाले, "हो, पंगत." आणि त्यांचा चेहरा उतरला, कारण त्यांना घरच्या मांडवाची आठवण झाली असावी. गाडी आली, ते बर्फ घेऊन गेले. मला त्या दिवशी एवढंच कळलं की पाणी आडमुठं आहे.

आता मयताच्या बर्फाचं सांगतो. ते गमतीचं नाही, पण त्यातली एक गोष्ट गमतीची आहे.

उन्हाळ्यात कोणी गेलं आणि पोरगं-पोरगी दूर असली तर लोक बर्फ न्यायला येत. तेव्हा आतासारख्या विजेवरच्या थंड पेट्या नव्हत्या. आमच्याकडे रीत होती की लग्नाचा बर्फ पुढच्या दारानं आणि मयताचा मागच्या दारानं. मागच्या दाराला रांग नसायची. आलेल्याला आधी द्यायचं, कोण गेलं ते विचारायचं, आणि लादी चांगली निवडून द्यायची. लग्नाला तडकलेली लादी चालते, कारण ती फोडायचीच असते. मयताला अखंड लागते. तिच्यावर माणूस निजवायचा असतो. हे निवडायचं काम माझ्याकडे होतं. मी निवडलेल्या लादीबद्दल कोणी कधी तक्रार केली नाही.

एकदा गिरडच्या बाजूच्या एका खेड्यातून बोलावणं आलं. गावचा म्हातारा पाटील गेला होता. मुलगी रायपूरला, ती दुसऱ्या दिवशी दुपारी पोचणार होती. तीन मुलं घरीच. पहिला बर्फ ते स्वतः घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या लाद्या घेऊन मला पाठवलं, ट्रकनं आणि पुढं बैलगाडीनं.

मी पोचलो तर वाड्यात नाही, गोठ्याच्या छपरात सगळी मंडळी बसलेली. पाटलाच्या थोरल्या मुलानं ढोरांना पाणी पाजायला सिमेंटचा नवा हौद बांधला होता. लांब, मांडीइतका खोल. त्याच्या बायकोला घरात चिखल नको होता. म्हणून त्यांनी हौदात लाद्या रचल्या आणि त्यावर पाटलाला निजवलं. वितळलेलं पाणी हौदातच राहील, सांडणार नाही. थोरला मला म्हणाला, "नवाच हाय. आजूक ढोराचं तोंड नाई लागलं."

मी आत डोकावलो. पाणी बरंच वर आलं होतं. मी म्हटलं, "भाऊ, हे पानी काढा पयले."

"राहू द्या ना, थंडंच हाय."

मी तोंड उघडेपर्यंत व्हायचं ते झालं. खालच्या लाद्या वितळून बारीक झाल्या होत्या, पाणी त्यांच्यावर चढलं होतं. त्यांनी एकदम बुड सोडलं आणि वर उचलल्या. पाटील त्यांच्यासोबत वर आला, क्षणभर तसाच डुलला, आणि मग सावकाश, झोपेतल्या माणसासारखा, कुशीवर वळला.

छपरात एकही माणूस राहिला नाही. सगळ्यात पुढं थोरला. पळता पळता तो ओरडत होता, "बाबा, मी काई बोललो नाई! धाकला बोलला!" काय बोलला होता ते मला अजून कळलेलं नाही.

फक्त पाटलाची म्हातारी बहीण उठली नाही. ती पदर सावरून म्हणाली, "कूस बदलली त्यानं. जिता असतानाबी कवा एका कुशीवर निजत नव्हता."

मी बाहेर जाऊन लोकांना सांगितलं, पाटील मेलेलाच आहे, बर्फ तरंगला. थोरला आंब्याच्या झाडामागून म्हणाला, "येवढा जड बर्फ, तरंगन कसा?"

"सरबतात तरंगते का नाई?"

"सरबतात आमचा बुढा नसते."

शेवटी मी आणि म्हातारीनं मिळून पाटलाला सरळ केलं. घमेल्यानं पाणी उपसलं, हौदात विटा रचल्या, विटांवर फळ्या, फळ्यांवर बर्फ, आणि मग पाटील. रायपूरची मुलगी आली तेव्हा बाप पाठीवर निजलेला होता, चेहरा शांत होता. ती रडली. जे जे पळाले होते तेही रडले.

घरी येऊन मी कौसल्याला हे सांगितलं तर ती हसून हसून खाली बसली. नंतर घरी कोणी पाहुणा आला की ती म्हणायची, "अवो, यायले पाटलाचं सांगा." मी नको म्हटलं तर स्वतःच सांगायची. तिच्या सांगण्यात पाटील दोनदा कूस बदलायचा.

आमचा एकच मुलगा, गजानन. गजू फौजेत गेला. कौसल्याला ते पसंत नव्हतं, पण भरतीच्या वेळी तिनं अडवलं नाही. काही वर्षांनी त्याची बदली लडाखकडे झाली. सुटीवर आला तेव्हा एका दुपारी तिनं मला पाटलाचं सांगायला लावलं. गजूनं ते दहादा ऐकलं होतं, तरी हसला. मग तो सांगायला लागला.

"आई, तिकडं हिवाळ्यात तळं गोठते. पन वरून गोठते. वर बर्फ, खाली पानी तसंच्या तसं. खाली मासे फिरत राह्यतात."

"अन् तू कुठं फिरतं?"

"मी वरून."

ती कणीक मळत होती. हात थांबले. "फुटत नाई काय थे?"

"जाड असते. जीप जाते वरून."

"पानी उलटं वागते म्हने मास्तर. सुलटं वागलं असतं तं बर्फ खाली बसला असता अन् ते मासे मेले असते." ती पुन्हा मळायला लागली. "माशायचं बरं हाय. त्यायले झाकन हाय. माह्या पोराच्या बुडाखाली हाय थे."

गजू म्हणाला, "तू काईची काई काळजी करतं."

मग ती जे बोलली ते आम्ही दोघांनी ऐकलं. कणकेचा गोळा परातीत आपटून ती म्हणाली, "नवरा बर्फात, पोरगं बर्फात. मी मेली तं मले तरी बर्फावर ठेवजा नोका. मी पाटलासारखी उठून बसन अन् सगळ्यायले पळवीन." आणि हसली. आम्हीही हसलो.

ती गेली त्या सकाळी मी कारखान्यात जायला निघत होतो. ती नळावर होती. घागर अर्धी भरली होती. छातीत दुखते म्हणाली, ओट्यावर बसली. रिक्षा आणली, दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि मला बाहेर बोलावलं. डॉक्टर बाहेर बोलावतात तेव्हा काय असतं ते मागच्या दारावर काम करणाऱ्याला सांगावं लागत नाही.

घरी आणली तेव्हा ऊन तापलं होतं. तिचा भाऊ दामू जवळच राहतो, तो आला. त्यानं गजूला तार केली. तारेत आई गेली असं लिहीत नसतात, आई सीरियस आहे, निघ, असं लिहितात. लडाखातून उतरून यायला त्याला दोन-तीन दिवस लागणार हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

कारखान्यात कळलं. शेठजींनी मी न सांगता हातगाडीवर दोन लाद्या पाठवल्या. अखंड, मधे पांढरं अगदी कमी. रमजाननं निवडल्या असणार. गाडीवाल्यानं गाडीच अंगणात उभी केली, लाद्यांवर भुसा आणि पोती टाकली आणि हात जोडून निघून गेला.

दामूनं चार विटा गोळा करायला सुरुवात केली. मी म्हटलं, "राहू दे."

"मंग कशावर ठेवता?"

"ठेवाचीच नाई. संध्याकायपर्यंत नेऊ."

तो माझ्याकडे पाहतच राहिला. "भाऊजी, डोकं ठिकानावर हाय ना? गजू येऊन राह्यला."

"तिनं नाई म्हटलं होतं बर्फाले."

"कवा?"

"गजू सुटीवर आलता तवा. हासता हासता म्हने."

"हासता हासता म्हटलेलं कोनी धरते काय? मजाक केली असन तिनं."

"मजाकच केली. तिले जे खरं सांगाचं राहे ते ती मजाकमंधीच सांगे."

दामू रडायला लागला. मोठा माणूस, पण रडायला लागला. म्हणाला, "साऱ्या जिल्ह्याच्या मयतायले तुमी बर्फ देला. लोकायच्या पोरीयले बापाचं तोंड दाखवलं. अन् आपल्या पोराले मायचं तोंड दाखवत नाई? बर्फ दाराशी येऊन उभा हाय, भाऊजी. गजूले काय सांगसान?"

बायका आत ऐकत होत्या. सगळ्यांना दामूचं पटत होतं हे मला समजत होतं. मलाही पटत होतं. त्याच्यात एक शब्द खोटा नव्हता. मी आत जाऊन तिच्याजवळ बसलो. हात धरला. मे महिन्यात, पत्र्याच्या घरात, माणूस लवकर थंड होत नाही. हात अजून तिचाच होता. मी इतक्या लोकांना बर्फावर ठेवलं, पण कोणाचाही हात त्याआधी धरून पाहिला नव्हता. नंतरचा हात कसा लागतो ते मात्र मला माहीत होतं.

बाहेर येऊन मी दामूला म्हटलं, "गजू आला की माह्यावर सोड. मी सांगीन."

"अन् त्यानं नाई आयकलं तं?"

"तं नाई आयकलं."

सूर्य मावळायच्या आधी नेली. अग्नी मीच दिला, म्हणून डोक्याचे केस मीच उतरवले.

गजू तिसऱ्या दिवशी आला. गल्लीच्या तोंडाशीच त्याला कळलं. घरात येऊन तो पिशवी खांद्यावर तशीच ठेवून उभा राहिला. "बाबा, बर्फ नव्हता काय?"

"होता."

"कारखाना बंद होता?"

"चालू होता."

"मंग?"

मी म्हटलं, "तिनं म्हटलं होतं. तू होता तवा. कणीक मळत होती."

त्यानं पिशवी खांद्यावरून खाली ठेवली. मग म्हणाला, "मले वाटलं आई हासवून राह्यली." तेवढंच. ती सुटी त्यानं घरातच काढली. छपराचे पत्रे ठोकले, नळाची तोटी बदलली, आणि गेला. आता तोही निवृत्त होऊन पिपरीला घर बांधून राहतो. मी त्याच्याकडेच असतो. सून चांगली आहे. उन्हाळ्यात सगळे पाण्यात बर्फ टाकतात, गजू माझ्यासमोर टाकत नाही. त्यानं मला माफ केलं की नाही ते मला माहीत नाही. विचारलं तर तो सांगेल, म्हणून विचारत नाही.

पण हे नंतरचं. अग्नी दिला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तर गाडी अंगणात तशीच होती. पोत्याखाली लाद्या निम्म्याच्या वर उरल्या होत्या. गाडीखालून ओहोळ निघून गल्लीपर्यंत गेला होता आणि त्यात शेजाऱ्याची कोंबडी पाणी पीत होती. दामू म्हणाला, वितळू द्या, काय करता. मी म्हटलं, दारात नको. सुतक होतं, कामावर जायचं नव्हतं. मी कामावर जात नव्हतो, माल परत करायला जात होतो. गाडी ढकलत कारखान्याच्या मागच्या दाराशी नेली.

रमजान बाहेर आला. माझं डोकं पाहिलं, गाडी पाहिली. "भाई, बर्फ कोई वापस करता है क्या?"

"मी करतो."

दाराशी एक शेतकरी उकिडवा बसला होता, डोक्याला टॉवेल. पहाटेपासून बसला होता. रात्रभर वीज नव्हती, टाकीतला एकही डबा गोठला नव्हता, संध्याकाळशिवाय लादी निघणार नव्हती. मी सवयीनं विचारलं, "कोन गेलं?"

"बुढा गेला माहा. मोठा भाऊ भिलाईले असते. दुपारच्या गाडीनं येऊन राह्यला. थोडाबी असन तं द्या, बापू."

मी पोतं उचलून दाखवलं. त्यानं हात लावून पाहिला.

"दुपारपर्यंत पुरन काय?"

"गाव किती दूर हाय?"

"हेच, पुलाच्या पलीकडं."

"मंग पुरते. कोनाच्या आंगाले लागला नाई हा. जसा निघाला तसाच हाय."

त्यानं टॉवेल काढून हात जोडले आणि तेव्हा त्याचं लक्ष माझ्या डोक्याकडे गेलं. "तुमच्या घरी कोन गेलं?"

"घरची."

तो गाडीकडे पाहत राहिला. "मंग बर्फ उरला कसा?"

"लागला नाई," म्हटलं, आणि गाडीची मूठ त्याच्या हातात दिली.